उलटा उतार

श्रीरामपूर
७ ऑगस्ट २०२५

अजिनाथदादा,

या पाकिटात राखी नाही. चाचपून पाहू नकोस. वर्षभर सण नाही असं दिपालीवहिनीला सांग, म्हणजे गावात विचारणाऱ्यांची सोय होईल.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू रडतोस. नवरा माझा गेला आणि गेले सहा महिने समजूत मी तुझी घालते आहे. कागदावर तुला रडता येणार नाही. रडलास तरी मला ऐकू येणार नाही.

काम एकच आहे. आपल्या मळ्याजवळच्या ज्या वळणावर यांची उसाची ट्रॉली उलटली, त्या वळणाचा उतार उलटा आहे. रस्ता आतल्या बाजूला, म्हणजे तुझ्या शेताकडे कललेला हवा. तो बाहेर, ओढ्याकडे कललेला आहे. मी मार्चमध्ये बांधकाम खात्याच्या कार्यालयात अर्ज दिला होता. उत्तर असं आलं की उतार बदलला तर पावसाचं पाणी आतल्या कडेला येईल, ते काढायला चर खणावी लागेल, चर तुझ्या बांधाच्या आतून जाईल, आणि त्याला तुझी लेखी हरकत आहे. कांद्याच्या चाळीत पाणी शिरेल म्हणून.

ती हरकत मागे घे. नोव्हेंबरात कारखाना सुरू होईल. हर्षलने बापाचा ट्रॅक्टर दुरुस्त करून आणला आहे आणि तो याच रस्त्याने ऊस वाहणार आहे. मी नको म्हणून पाहिलं. बावीस वर्षांचा मुलगा आईच्या नको म्हणण्याने थांबत नाही.

वहिनी हर्षलला म्हणाली की तू त्या वळणावर देऊळ बांधतो आहेस. कोणत्या देवाचं, ते अजून ठरलेलं नाही. आधी बांधायचं, मग देव बघायचा. तुझी सगळी कामं याच क्रमाने होतात.

रस्ता करताना उतार कोणाच्या सांगण्यावरून उलटा झाला, हे मला लोकांकडून कळलं आहे. त्याबद्दल आज लिहीत नाही. हरकत मागे घेतल्याचा कागद पोस्टाने पाठव.

सुकन्या


श्रीरामपूर
२९ ऑगस्ट २०२५

दादा,

कागद आला नाही. तू हर्षलच्या मोबाईलवर आवाज भरून पाठवलास तो मी ऐकला. दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

"सुके, त्या वळनात कायतरी हाय. मान्साला बाहेर वढतंय. दोन वर्सांत तीन गाड्या गेल्या. आन् दाजी बी जरा जोरातच हुते, पर गेलेल्या मान्साबद्दल काय बोलायचं."

म्हणजे बोललास.

मी बावीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. शिकवणं माझं काम नाही. नळ्या धुवायच्या, वजनं मांडायची, सर सांगतील ते टेबलावर ठेवायचं. दर वर्षी एक प्रयोग असतो. काचेच्या नळीतून दोरा ओवायचा, वरच्या टोकाला रबरी बूच, खाली वजन. नळी हातात धरून बूच डोक्यावर गरगर फिरवायचं. खालचं वजन दोरा आत ओढत राहतं, म्हणून बूच गोल फिरतं. मग सर विचारतात, दोरा तुटला तर बूच कुठे जाईल? सगळी मुलं म्हणतात, बाहेर. सर दोरा सोडतात. बूच बाहेर जात नाही. सुटलं त्या क्षणी त्याचं तोंड जिकडे होतं, तिकडे सरळ जातं. मुलं चुकतात, पण एकदा पाहिलं की त्यांना कळतं. ती सतरा वर्षांची असतात. तू एकावन्न वर्षांचा आहेस.

वळणावर कोणी बाहेर ओढत नाही. गाडीला सरळ जायचं असतं. तिला सतत आत ओढावं लागतं. ते काम टायर आणि रस्ता करतात. रस्ता आत कललेला असला तर तो मदत करतो. बाहेर कललेला असला तर टायरने एकट्याने ओढायचं, आणि वर अकरा फूट उंच रचलेला ऊस आधीच बाहेर झुकलेला असतो. मग एक चाक साइडपट्टीत रुतलं तरी पुरतं. एवढंच झालं. पंचनाम्यात 'भरधाव' लिहिलं आहे. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर भरधाव जाताना तू कधी पाहिलास? शाळेत जाणारी पोरं पळत येऊन मागून ऊस उपसतात. तूही उपसायचास.

रविवारी मी वळणावर आले होते. छगन मिस्त्रीला बरोबर आणलं. तो भिंतीची पातळी बघायला पाण्याची लांब नळी वापरतो ती घेतली. पाणी नीट दिसावं म्हणून मी प्रयोगशाळेतलं पोटॅशियम परमँगनेट चिमूटभर टाकलं. छगनने नळी उजेडात धरली आणि म्हणाला, "ताई, जांभळाची दारू व्हय ही?"

"पिऊन बघ आणि मला सांग," मी म्हणाले.

रस्ता अठरा फूट रुंद आहे. आम्ही पाच ठिकाणी मोजलं. पाचही ठिकाणी बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा अकरा इंच खाली आहे. छगन कडेला उकिडवा बसला.

"ताई, ह्ये उलटं हाय."

"मला माहीत आहे."

"तसं न्हाई. चुकून झालेलं आसतं तर कुठं वर, कुठं खाली झालं आसतं. ह्ये दोरी लावून केलेलं हाय."

तू चाळीच्या सावलीत उभा राहून पाहत होतास. हातात मोबाईल होता. शंभर पावलांवर होतास, आला नाहीस. वहिनीने गड्याच्या हाती चहा पाठवला. छगनने दोन्ही कप घेतले.

दोन वर्षांत तीन गाड्या गेल्या असं तू स्वतःच म्हणतोस. रस्ता दोन वर्षांपूर्वी नवा झाला. त्याआधी तीस वर्षं त्या वळणावर बैलगाड्या, ट्रक, वऱ्हाडाचे टेम्पो गेले. तेव्हा तुझं ते 'कायतरी' कुठे राहत होतं?

हरकत मागे घे.

सुकन्या


श्रीरामपूर
२० सप्टेंबर २०२५

दादा,

तू बुधवारी येऊन गेलास. तुझ्या तोंडावर जे म्हणाले ते लिहून ठेवते, कारण तुला ते समजलं नाही असं वाटलं.

तू स्वयंपाकघरात पाटावर बसलास, टोपी गुडघ्यावर ठेवलीस आणि रडायला लागलास. म्हणालास, "सुके, तू मला खुनी समजतीस का?"

मी म्हणाले, "नाही. खुनी माणूस आधी विचार करतो."

तू रडायचं थांबलास आणि चहात साखर कमी आहे म्हणालास.

देवळाचा फोटो तू मोठ्या कौतुकाने दाखवलास. पाच फुटांचं सिमेंटचं देऊळ, आत शेंदूर लावलेला दगड, बाहेर संगमरवरी पाटी. 'कै. वाल्मिक यांच्या स्मरणार्थ.' त्याखाली 'सौजन्य: अजिनाथ गोरक्षनाथ, प्रगतशील शेतकरी.' तुझं नाव यांच्या नावाच्या दुप्पट मोठं आहे. पेंटरने चूक केली असं तू म्हणालास. पेंटरच्या चुका नेहमी तुझ्या सोयीच्या होतात. ठेकेदाराचीही तशीच झाली.

हर्षलच्या ट्रॅक्टरला तू लिंबू-मिरच्या बांधल्यास. बांधताना त्याला विचारलंस, "भाच्या, पहिली खेप कवा?" त्याने सांगितलं. त्याच्या डोळ्यांत बघून तू "मामा हाय की पाठीशी" म्हणालास. तू त्याच्या पाठीशी नाहीस, दादा. तू वळणाच्या आतल्या अंगाला आहेस, आणि तिथून हलायला तयार नाहीस.

मी तुला हरकतीचं विचारलं. तू म्हणालास, "आगं, तीनशे गोण्या हाय चाळीत. पानी शिरलं तर सडून जातील. जरा समजून घे." मी समजून घेतलं. मला फक्त हे बघायचं होतं की माझ्यासमोर बसून, यांच्या फोटोखाली, तू ते वाक्य पूर्ण म्हणतोस की अर्धवट सोडतोस. तू पूर्ण म्हणालास.

जाताना दोन गोण्या कांदे ठेवून गेलास. गोणीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. ते कांद्यांबरोबर आले आहेत असं मला वाटलं, म्हणून संध्याकाळी उघडले. हक्कसोडपत्र. मी माहेरच्या जमिनीवरचा माझा वारसाहक्क माझ्या राजीखुशीने तुझ्या नावे सोडते, असा मजकूर. पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहेस, सही कुठे करायची ती. वर चिठ्ठी, 'दिवाळीच्या आत कर. आपल्या घरची रीत हाय.'

रीत मला माहीत आहे. आत्यांनी सह्या केल्या. आईने तिच्या माहेरी केली. बहिणीने सही केली की भाऊबीजेला ताट मिळतं, आजारपणात कोणी येतं, मेल्यावर माहेरची साडी येते. वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर तुझ्याबरोबर माझं नाव लागलं. मीच तुला म्हणाले होते की मला काही नको, सावकाश सही करू. यांनीही कधी विचारलं नाही.

वळणाच्या कागदावर सही करायला तुला सहा महिने पुरले नाहीत. माझी सही मात्र तुला महिन्यात हवी आहे.

कांदे मी कॉलेजच्या शिपायांना वाटले. चांगले होते. तेवढं श्रेय तुझं.

सुकन्या


श्रीरामपूर
६ ऑक्टोबर २०२५

दादा,

तू ज्या कागदाची मला आठवण करून दिलीस तो घेऊन मी बांधकाम खात्याच्या कार्यालयात गेले. हक्कसोडपत्राला तूच सातबारा जोडला होतास. शाखा अभियंत्यांनी तो वाचला आणि विचारलं, "सुकन्या म्हणजे तुम्हीच?"

"हो."

"मग इतके दिवस काय करत होतात? रस्त्याला उतार कसा द्यायचा हे मी शेतकऱ्याला विचारत नाही. माझं अडलंय ते चरीवर. हरकत एका वारसाची आहे. दुसरा वारस लेखी संमती देत असेल तर वरच्या साहेबांपुढे ठेवता येईल."

ते म्हणाले, चार दिवसांत आणून द्या. ही गोष्ट तुला कशी कळली, मला माहीत नाही. पण तुझी चिठ्ठी तिसऱ्या दिवशी आली. शाळा सोडल्यापासून तू पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने एवढं लिहिलं असशील. त्यातलं जसंच्या तसं उतरवते, म्हणजे तू नंतर नाही म्हणायला नको.

'तू संमती दिली तर मी हर्षलला सगळं सांगनार. रस्ता झाला तवा तू घरात होती. च्या घेऊन तूच हुबी होती. मी आडानी. तुला समजत होतं.'

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मला लोकांकडून कळलं. ते खोटं होतं. मे महिन्याची सुट्टी होती. तू आणि ठेकेदार ओट्यावर बसला होतात. मी दारात ट्रे घेऊन होते. ठेकेदार म्हणाला, "वळणाला उतार आत घ्यावा लागतो, भाऊ. नियम आहे."

तू म्हणालास, "नियम पुस्तकात. पानी माझ्या चाळीत. वढ्याकडं सोडा की. वढा काय तक्रार करतोय व्हय?"

दोघे हसलात. मला त्या क्षणी बूच आणि दोरा दोन्ही दिसले. अगदी स्वच्छ. मी कप पुढे केले आणि विचारलं, "साखर पुरे ना?"

चार दिवस माहेरी आलेल्या बहिणीने भावाच्या कामात बोलायचं नसतं. दुसऱ्या दिवशी वहिनी पुरण घालणार होती. अशी कारणं माझ्याकडे तुझ्या चाळीतल्या कांद्यांइतकी आहेत, आणि तशीच, ओल लागली की सडतात. घरी आल्यावर यांना मी एवढंच म्हणाले, त्या वळणावर सावकाश जात जा. ते म्हणाले, "का गं, तुझा भाऊ आडवा येतो की काय?" मीही हसले. माझ्या माहेरची लाज मी झाकली, आणि ते दोन हंगाम तिथून ऊस नेत राहिले.

तू अडाणी नाहीस. चाळीला वारा कुठून लागतो, पाणी कुठून येतं, हे तुला इंचात कळतं. पण एक गोष्ट तू खरी लिहिलीस. तुझ्यापेक्षा मला जास्त समजत होतं. तुझ्याबद्दल मला जे वाटतं, ते मला स्वतःबद्दल आधीपासून वाटतं. तुझ्या वाट्याला त्यातलं उरलेलं आलं आहे.

आज सकाळी हर्षल अंगणात ट्रॅक्टरला ग्रीस देत होता. मी त्याच्याजवळ उभी राहून सगळं सांगितलं. ट्रे, साखर, सगळं. तो ऐकताना चाकाकडे बघत होता.

"आप्पांना सांगितलं हुतंस?"

"नाही."

"दोन हंगाम ते तिथनं जात हुते."

"हो."

त्याने ग्रीसगन पुसली, पेटीत ठेवली, पेटीची कडी लावली. मग म्हणाला, "मामाचं मला नवल न्हाई." पुढचं वाक्य बोलला नाही.

अकरा वाजता मी कार्यालयात संमती दिली. पोच घेतली आहे. तुझ्याकडे सांगण्यासारखं जे होतं ते आता शिळं झालं. हवं तर त्याला फोन कर आणि पुन्हा सांग.

सुकन्या


श्रीरामपूर
११ नोव्हेंबर २०२५

दादा,

हे शेवटचं पत्र. काम झालं आहे, म्हणून पुढे लिहिण्याचं कारण राहत नाही.

दिवाळीनंतर रस्ता उखडला तेव्हा तू पहिल्या दिवशी यंत्रापुढे आडवा उभा राहिलास, असं छगनने सांगितलं. ड्रायव्हरने यंत्र बंद केलं आणि विचारलं, "भाऊ, फोटो काढायचाय का?" लोक हसले आणि तू बाजूला झालास. सात महिने ज्या हरकतीने सगळं अडवून धरलं होतं, तिच्यात एवढाच जीव होता. चाळ तू दोन दिवसांत वरच्या अंगाला हलवलीस. दोन दिवसांत, दादा. ती मार्चमध्येही हलली असती. यांच्या आधीही हलली असती.

काल छगनने पुन्हा नळी लावली. बाहेरची कड आता तेरा इंच वर आहे.

मला तुझी जमीन नको. चर पक्की बांधून झाली, तिची नोंद झाली, की बाकीच्या जमिनीची हक्कसोड मी करून देईन. ताट वाढायला ठेवू नकोस. सही त्यासाठी करणार नाही.

हर्षल घरी जेवतो. 'डबा दे', 'किल्ली कुठंय', 'कॅन भरला का', एवढं बोलतो. महिना झाला. मी त्याला दोष देत नाही, आणि तू मध्ये पडून समजूत घालू नकोस. तू घातलेली समजूत मी पाहिली आहे.

आता कालचं. तू तिथे होतास, तरी लिहिते, कारण तू गावात ते वेगळं सांगत असशील.

हर्षलची पहिली खेप साडेदहाला येणार होती. मी दहापासून वळणाच्या बाहेरच्या कडेला उभी होते, यांची ट्रॉली जिथे पडली तिथे. मुद्दाम. का, ते तुला सांगायची गरज नाही. तू पलीकडे आतल्या कडेला, तुझ्या देवळापाशी, उदबत्त्या आणि नारळ घेऊन होतास. दोघांच्या मध्ये रस्ता होता. तू दोनदा "सुके" म्हणून हाक मारलीस. मी ओ दिली नाही.

ट्रॅक्टर टेकाड उतरून आला. दोन ट्रॉल्या, यांच्यासारख्याच उंच रचलेल्या. वळणाच्या अलीकडे हर्षलने ट्रॅक्टर थांबवला. मागे दोन मोटारसायकलवाले हॉर्न वाजवत होते. तो सीटवरून उठून उभा राहिला.

"आई, तिथं नको उभी राहू. इकडं आत ये."

मी रस्ता ओलांडून आत आले. उभं राहायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तुझ्याशेजारी उभी राहिले. त्याने मी नीट उभी आहे ना ते पाहिलं आणि मग गिअर टाकला. पहिली ट्रॉली आमच्या अंगावर कलल्यासारखी झाली, इतकी आत कलली. तू एक पाऊल मागे सरकलास. मी सरकले नाही, कारण ते तसंच व्हायला हवं होतं. दुसरी आली, कलली, सरळ झाली.

तू म्हणालास, "बघितलंस? सकाळीच नारळ फोडला हुता मी. देव हाय वळनात."

मी तुझ्याकडे पाहिलं. तुला खरंच तसं वाटत होतं. तू खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे धरलास. मी हात पुढे केला नाही. थोडा वेळ वाट पाहून तू तो स्वतःच्या तोंडात टाकलास.

हर्षल पुढच्या सरळ रस्त्याला लागल्यावर त्याने एकदा मान वळवून मागे पाहिलं. ट्रॉल्या नीट येताहेत का ते पाहिलं, की मला, ते एवढ्या लांबून कळलं नाही. मी हात वर केला होता. तो खाली घ्यायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

सुकन्या